सरकती रेघ

"म्हणजे तू शून्य करत नव्हतास?" मी मुजावरला विचारलं.

"मी? मला वाटलं तू करतीयस."

"मी कशाला करू? बटन तुझ्या टेबलाकडे आहे."

"अक्का, ह्या खोलीत सगळंच सगळ्यांच्या टेबलाकडे हाय."

ते मात्र खरं होतं. कोल्हापुरातल्या ज्या कॉलेजात आम्ही दोघं पीएच.डी. करत होतो, तिथं आमची प्रयोगशाळा इमारतीच्या पार मागच्या अंगाला होती, आणि आमच्या आधी तिथं सायकली लावायचे. मधोमध एक पोलादी पिंप, त्याभोवती तांब्याच्या तारेची वेटोळी, कडेला आमची दोन टेबलं आणि सरांची खुर्ची. एकानं वळायचं म्हटलं की दुसऱ्यानं पोट आत घ्यायचं. अशा खोलीत रोज सकाळी एक बटन फिरवायचं काम आम्ही दोघांनी मिळून दोन आठवडे केलं नव्हतं, आणि आपण ते करत नाही याचा दोघांनाही पत्ता नव्हता.

त्या बटनाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. पिंपात गॅलियम होतं. हा धातू दिसायला चांदीसारखा, पण तळहातावर धरला तर लोण्यासारखा वितळतो. पिंपात वर एक आणि खाली एक असे दोन पंखे, उलट्या दिशांनी फिरणारे, म्हणजे आतल्या पातळ धातूची चांगली घुसळण व्हायची. बाहेरच्या तारांमुळे पिंपाभोवती चुंबकीय क्षेत्र असायचं. धातू घुसळला की तो त्या क्षेत्रालाही आपल्याबरोबर ओढायचा, पिळायचा. किती पिळलं ते पिंपाला चिकटवलेली एक बारीक कांडी ओळखायची, आणि कांडीचं म्हणणं एक पेन सरकत्या कागदावर रेघ ओढून लिहून ठेवायचं. माझ्या माहेरी गुऱ्हाळ होतं. काहिलीत रस खदखदताना बघत मी मोठी झाले, त्यामुळे हा विषय मला मिळाला तेव्हा वडील म्हणाले होते, "घरातच शिकवलं असतं की. एवढ्या लांब कशाला जायचं?"

ही घुसळण थरथरती असते. कागदावरची रेघ दाट केसांसारखी वरखाली व्हायची, तिचा अभ्यास म्हणजे माझा प्रबंध. पण रात्रभरात ती अख्खी रेघच थोडी वर किंवा खाली सरकून बसलेली असायची. यंत्रं सरकतातच. घरचं घड्याळ आपण सकाळी रेडिओवर लावून घेतो, तसं आमचे गाइड वसगडेकर सर रोज सकाळी आले की पिशवी खुंटीला अडकवून पहिल्यांदा ते बटन फिरवायचे आणि पेन कागदाच्या मधोमध आणायचे. याला म्हणायचं शून्य करणं. ते झाल्याशिवाय प्रयोगशाळेत कुणी चहाचं नाव काढायचं नाही. मोटर बंद करून मग शून्य करावं हे खरं शास्त्र, पण आमची मोटर कधी बंदच होत नसे. थांबलेलं गॅलियम थंड होऊन गोठलं, तर बर्फ होताना पाणी फुगतं तसं ते फुगतं आणि पिंप तडकवतं. म्हणून चालत्या मोटरीवरच शून्य. कित्येक वर्षं असंच चाललं होतं.

आणि त्या फेब्रुवारीत, एक्क्याण्णव साली, सरांना कावीळ झाली.

"आता रे?" मी म्हणाले. "ते सोमवारपासून येणार आहेत."

"आता काय. बोलणी खायची," मुजावर म्हणाला. हा रियाज मुजावर माझ्याहून एक वर्ष मागं होता. उद्यमनगरात त्याच्या घरच्यांचा कारखाना, त्यामुळे पिंप, पंखे आणि मोटर यांचं दुखणंखुपणं तोच काढायचा. "आधी बघू तरी किती वाटोळं झालंय."

आम्ही कागदाची गुंडाळी व्हरांड्यात नेऊन उलगडली. ती पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेली. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोघं वाकून चालत गेलो.

रेघेची थरथर नेहमीचीच होती. पण त्या थरथरीखाली अख्खी रेघ चालली होती. सावकाश वर चढली होती, वरच दोन दिवस बसून राहिली होती, मग उतरून मधल्या रेघेच्या खाली गेली होती, तिथं रमली होती, पुन्हा वर. घाई कसलीच नाही. आणि जितकं पुढं जावं तितका तिचा पल्ला मोठा होत गेलेला.

"ही रेघ हाय का पन्हाळ्याचा घाट?" मुजावर म्हणाला.

यंत्र तापून सरकतं तेव्हा ते एकाच बाजूला सरकत जातं, किंवा दिवसाउजेडाप्रमाणे वरखाली होतं. हे तसं नव्हतं. याला दिवसरात्रीशी देणंघेणं नव्हतं. आतला धातू घुसळताना कधी वरच्या पंख्याचं ऐकत असेल, कधी खालच्या, आणि एकदा कुणाचं ऐकायला लागला की दिवसच्या दिवस त्याचंच. असं मला वाटलं आणि अंगावर काटा आला. क्षणाक्षणाला बदलणाऱ्या गोंधळाच्या पोटात असं आठवड्याच्या चालीनं चालणारं काहीतरी असेल, तर ते आमच्यापैकी कुणी पाहिलंच नव्हतं. कसं दिसणार? रोज सकाळी आम्ही त्याला उचलून मधोमध आणून ठेवत होतो.

सोमवारी सर आले. डोळे अजून पिवळट, सदरा अंगाला मोठा झालेला. सर आवाज कधी चढवत नसत. मी कागद टेबलावर पसरला तेव्हा मला वाटलं, आता हे शंभर प्रश्न विचारतील.

त्यांनी तो हातभर पाहिला आणि म्हणाले, "गुंडाळून ठेव."

"सर, पण हे बघा ना, इथं..."

"यंत्र सरकलंय. दोघांनी शून्य केलं नाहीत. झालं ते झालं."

"यंत्राचं नसेल तर? धातूचंच असेल तर?"

"शैलजा, वेडेपणा करू नकोस." इतकं कडक ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. "मी इतकी वर्षं बघतोय."

मी चौगुल्यांची लेक. आमच्याकडे जीभ आधी चालते आणि डोकं मागनं येतं. "तुम्ही बघत नाही सर," मी म्हणाले, "तुम्ही पुसता."

मुजावरनं हातातला पाना अलगद खाली ठेवला. सर उठले, बटन फिरवलं, पेन मधोमध आणलं आणि पिशवी घेऊन घरी निघून गेले.

"अक्का," मुजावर म्हणाला, "कावीळ उतरली नाही तोवर तू वर तिखट घातलंस."

मला वाईट वाटत होतंच. पण माझी पण अडचण होती. गॅलियम आमचं नव्हतं. मुंबईच्या एका संशोधन संस्थेनं सरांना ते वापरायला दिलं होतं, आणि तिथल्या रेगेबाई ते परत न्यायला एप्रिलात येणार होत्या, कारण आमच्याकडून नवीन असं काहीच निघत नव्हतं. माझ्या थरथरीबद्दल त्यांनी कळवलंच होतं, की हे सगळं जगाला आधीपासून माहीत आहे. म्हणजे गॅलियम गेलं की माझा प्रबंध गेला, चार वर्षांची घुसळण पाण्यात. वडिलांनी गडहिंग्लजच्या एका शाळेत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. शाळेत शिकवण्यात कमीपणा काही नाही, पण मला हे हवं होतं. ही रेघ खरी असली तर मी वाचत होते. यंत्राची असली तर संपत होते.

आणि खरंखोटं करायचा एकच मार्ग होता. मोटर बंद करायची. धातू थांबला की त्याचा चुंबकाशी खेळ थांबतो. त्यानंतर पेनाकडे बघत बसायचं. तरीही रेघ सरकली तर दोष यंत्राचा. नाही सरकली तर सरकणारा धातूच. पण मोटर बंद ठेवायची म्हणजे गॅलियम गोठू द्यायचं नाही, आणि गोठलं तर परक्याचा माल घेऊन पिंपाचे दोन तुकडे.

मी सरांना हे मार्चभर सांगत होते. सर ऐकून घ्यायचे आणि दुसरंच काहीतरी विचारायचे. रेगेबाई ज्या सोमवारी यायच्या होत्या, त्याच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी ते खुर्चीत बसले होते. बाहेर ऊन मी म्हणत होतं. अचानक म्हणाले, "मुजावर, थांबव मोटर."

"सर?"

"थांबव म्हणतो ना. उन्हाळा आहे, दिवसा गोठत नाही. पहाटे गार पडतं तेवढं सांभाळा."

मुजावरनं माझ्याकडे पाहिलं. मी पिंपाकडे. मग त्यानं मोटरीचं बटन दाबलं आणि ती घरघर थांबली. चार वर्षांत मी ती खोली शांत ऐकली नव्हती. कानात दडे बसल्यासारखं झालं. पेन हळूहळू स्थिरावलं आणि कागदावर एक बारीक, सरळ रेघ यायला लागली. थरथर नाही, काही नाही.

मी राहत्या खोलीवर जाऊन आईनं दिलेल्या दोन वाकळा आणल्या आणि पिंपाला गुंडाळल्या. मुजावरनं खालून बल्ब लावले. वीज गेली तर गरम पाण्याच्या पिशव्या लावायच्या असं ठरलं. बल्ब आणि वाकळांवर रात्री लक्ष ठेवायला मुजावर तिथंच झोपणार होता.

शनिवारी सकाळी मी पोचले तेव्हा सर माझ्या आधी आले होते. त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली आणि त्यांचा उजवा हात आपोआप बटनाकडे निघाला.

"सर, हात," मी म्हणाले.

हात तिथंच थांबला. त्यांनी हाताकडे असं पाहिलं, की हा कुणाचा. मग तो खिशात घातला, थोड्या वेळानं दुसराही घातला, आणि दिवसभर ते खुर्चीत दोन्ही हात खिशात घालून बसले. चहाचा कपसुद्धा आता आपल्यालाच धरावा लागेल की काय, असं मुजावर म्हणाला. रेघ सरळ होती. संध्याकाळीही सरळ होती. मी पट्टी लावून बघत होते, अगदी दर थोड्या वेळानं, आणि मुजावर म्हणत होता, "अगं, दूध आहे काय ते? बघितल्यानं उतू जाणार हाय काय?"

रविवारी सकाळी मी दार उघडलं आणि कागदाकडे पाहिलं. रेघ बोटभर वर होती.

मी टेबलाला धरून उभी राहिले. मागनं सर आले, त्यांनीही पाहिलं. त्यांचं म्हणणं खरं झालं होतं, यंत्रच सरकत होतं. आता ते म्हणणार, बघितलंस? पण मी त्यांच्याकडे पाहिलं, तर घरात कुणी गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. ते खुर्चीत बसले आणि हळू म्हणाले, "यंत्रच आहे तर."

मला त्या वेळी त्यांचं ते दुःख कळलंच नाही. मी आपल्याच दुःखात. डोळ्यांतून पाणी यायला लागलं म्हणून मी वाकून कागदावर बघायचं सोंग केलं, आणि तेव्हा मला दिसलं की रेघ चढत चढत वर गेलेलीच नाही. ती सरळ चालली होती, एका जागी भिंतीसारखी ताठ उभी राहिली होती, आणि वरून पुन्हा सरळ चालली होती.

"सर, हे सरकणं नाही. ही उडी आहे."

"कसली उडी?"

तेवढ्यात पिंपाच्या पलीकडून आवाज आला, "काय झालं ओ?" मुजावर पांघरुणातून डोकं काढून बघत होता. तो जमिनीवर नव्हता. तो खाटेवर होता. खाट लोखंडाची होती.

"ही कधी आणलीस?" मी विचारलं.

"काल रात्री. होस्टेलवरनं. खाली लई मुंग्या हाईत, अक्का."

"चुंबकाशेजारी लोखंडाची खाट लावून झोपलास?"

मुजावर उठून बसला. त्यानं खाटेकडे पाहिलं, पिंपाकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडावरची झोप उतरत गेली. "च्या मारी," एवढंच तो म्हणाला.

तिघांनी मिळून खाट बाहेर काढली. दारातून ती आडवी निघेना, उभी निघेना. शेवटी ती एकदाची व्हरांड्यात गेली आणि आम्ही आत पळालो. पेन खाली येऊन शनिवारच्या रेघेच्या अगदी सरळ पुढं चालायला लागलं होतं. जणू मध्ये काही झालंच नव्हतं.

सर हसायला लागले. आधी खांदे हलले, मग आवाज आला, मग चष्मा काढावा लागला. सरांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. "मुंग्या," ते म्हणायचे आणि पुन्हा हसायचे. मुजावर कान धरून उभा होता, तोही हसत होता. मी हसत होते आणि रडतही होते, आणि नाक पुसायला जवळ वाकळेशिवाय काही नव्हतं.

दुपारी मुजावर जेवायला गेला तेव्हा सर म्हणाले, "शैलजा, तुला काय वाटतंय? रेघ सरळ राहावी की सरकावी?"

"काय विचारता सर. सरळच राहावी. माझं सगळं तिच्यावर आहे."

"मलाही सरळच राहावी असं वाटतंय."

मला ते पटेना. "पण सर, सरळ राहिली तर मग तुम्ही इतकी वर्षं रोज सकाळी..." पुढचं तोंडातून निघेना. एकदा बोलून बसले होते, पुन्हा तेच कसं बोलू?

"पुसत होतो. म्हण की," सर म्हणाले. "तू म्हणालीस तेव्हा लागलं मला. खोटं असतं तर लागलं नसतं." हात पुन्हा खिशात घातले आणि पेनाकडे बघत बसले.

सोमवारी सकाळी रेगेबाई आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. आखूड केस, खादीची साडी, पायात पुरुषी सँडल. दारात उभं राहून त्यांनी वाकळांत गुंडाळलेलं पिंप पाहिलं.

"वसगडेकर, हे काय? बाळंतीण आहे का?"

"या, बाई," सर म्हणाले. "तसंच काहीसं आहे. शैलजा, दाखव."

मी दोन्ही कागद पसरले. एकीकडे मोटर चालू असतानाची, सरांच्या काविळीतली ती घाटासारखी रेघ. दुसरीकडे शुक्रवारपासूनची, मोटर बंद असतानाची. ती अजून निघतच होती. मुजावरच्या खाटेची उडी सोडली तर सुतासारखी सरळ. रेगेबाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागदाला नाक लावून बघायला लागल्या.

"तापमान?"

मी सांगितलं.

"तारांतला प्रवाह?"

तोही सांगितला. तारा बॅटरीवर होत्या, प्रवाह दोन्ही वेळा सारखा.

"ही उडी?"

"खाट," मुजावर म्हणाला.

त्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि विषय सोडला. मग म्हणाल्या, "मोटर लावा."

मुजावरनं मोटर लावली. खोलीत पुन्हा घरघर भरली, पेन थरथरायला लागलं. त्या सकाळी रेगेबाई कुठं गेल्याच नाहीत. माझ्या खुर्चीत बसून चहा पीत, पाय हलवत, पेनाकडे बघत राहिल्या. दुपारपर्यंत थरथरती रेघ अख्खी थोडी खाली उतरली होती. फार नाही. पण उतरली होती.

"चालतंय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "धातूच चालतोय." मग माझ्याकडे वळल्या. "जितका वेळ जास्त बघू तितका याचा पल्ला वाढतो, असं तुझं म्हणणं?"

"हो बाई. याची सरासरी म्हणून कुठं ठरतच नाही. आपण बघत राहू तेवढं ते भटकत राहतं."

"मग एक सांग. इतक्या वर्षांत इथं हे कुणाला कसं दिसलं नाही?"

मला हाच प्रश्न नको होता. सर माझ्या शेजारीच उभे होते. मी म्हणाले, "आधीचे रेकॉर्डर तितकेसे चांगले नव्हते, बाई."

"खोटं बोलू नकोस, शैलजा," सर म्हणाले. "रेकॉर्डर उत्तम होते. मी रोज सकाळी शून्य करत होतो, बाई. चालत्या मोटरीवर. रोज पुसत होतो."

रेगेबाईंनी चष्मा काढून हातात घेतला. मला वाटलं आता या सरांना खडसावतील, आणि मी मनातल्या मनात पदर खोचला. पण त्यांचा आवाज निराळाच आला.

"का पुसत होतात ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "तुला सांगितलंय यांनी?"

"नाही."

"आम्ही दोघं एका वर्षी पीएच.डी. करत होतो. मुंबईला. पुण्यात एक परिषद होती, तिथं हे बोलायला उभे राहिले. तेव्हा पारा होता, साधा टब होता. यांनी फळ्यावर रेघ काढली, अशीच. चालणारी. म्हणाले, पारा असा आठवडा आठवडा भटकतो. आमचे एक मोठे प्रोफेसर पहिल्या ओळीत बसले होते. ते म्हणाले, वसगडेकर, तुमच्या टेबलाचा पाय हलतो का?"

मुजावर हसला आणि लगेच गप्प झाला.

"अख्खा हॉल हसला," रेगेबाई म्हणाल्या. "वसगडेकर, मीही हसले होते."

"सगळेच हसले होते," सर म्हणाले. "तुम्ही निदान तोंडावर रुमाल धरला होता."

आता कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. रविवारी उडी पाहून पडलेला तो चेहरा, ते 'मलाही सरळच राहावी असं वाटतंय'. हा माणूस तरुणपणी जे बघून आला होता, ते खोटं ठरलं म्हणून रोज सकाळी आपल्याच हातानं पुसत होता, पुन्हा कुणी हसू नये म्हणून. आणि ते खरं होतं. सुरुवातीपासून खरं होतं. मला इतकं भरून आलं की मी पिंपाच्या मागं जाऊन वाकळेची घडी घालायला लागले.

"तुमच्या टेबलाचा पाय हलत होता का हो?" मुजावरनं विचारलं. त्याला असं विचारायला कधीच लाज वाटत नसे.

"नाही रे," सर म्हणाले. "मी मुंबईला परत जाऊन तपासला होता."

रेगेबाई उठल्या. "फोन कुठं आहे?"

विभागाच्या ऑफिसात एसटीडीचा फोन होता आणि त्याला कुलूप असायचं. क्लार्कनं किल्ली काढेपर्यंत आम्ही तिघं त्यांच्या मागं गर्दी करून उभे राहिलो. मला वाटलं, गॅलियम न्यायला टेम्पो नको म्हणून सांगत असतील. ते त्यांनी सांगितलंच, पण शेवटी. आधी मुंबईच्या आपल्या प्रयोगशाळेतल्या माणसाला म्हणाल्या, "हॅलो, मी बोलतेय. ऐक. उद्या सकाळी कुणीही शून्य करायचं नाही. हो, आपलंच, रोजचंच. का म्हणजे? महिनाभर त्या पेनाला कुणी हात लावायचा नाही. माझ्यासकट."

फोन ठेवून त्या वळल्या. "आम्हीही पुसतो," त्या सरांना म्हणाल्या. "सगळेच पुसतात. तुम्ही एकटे नव्हतात."

सरांचे दोन्ही हात पुन्हा खिशात गेले होते.

"गॅलियम इथंच राहू दे," रेगेबाई म्हणाल्या. "जूनमध्ये आमच्याकडे परिषद आहे. हिला पाठवा."

"शैलजा येईल. चांगली बोलते. जरा जास्तच चांगली," सर म्हणाले.

"ती बोलेलच. पण तिच्या आधी तुम्ही. त्या दिवशी तुम्ही मध्येच खाली बसलात, वसगडेकर. तुमचं अर्धं राहिलंय."

क्लार्क फोनला कुलूप लावत होता. सरांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. मग त्यांनी हात खिशातून काढले, आणि परिषदेत बोलायला जाणारा कुणीही जे विचारतो तेच विचारलं.

"किती वेळ मिळेल?"

"हवा तेवढा," रेगेबाई म्हणाल्या.